हरिपद मंडलची बायको

"नवरा हाय का?" चांगुणाबाईंनी विचारलं, आणि ओसरीवर बसलेल्या बायकांचं बोलणं एकदम थांबलं.

विचारलं होतं व्यंकटरावांच्या धाकट्या सुनेला. तिला सातवा महिना लागलेला, कपाळावर ठसठशीत कुंकू, दोन्ही हातांत हिरवा चुडा, गळ्यात काळी पोत. आणि नवरा म्हणाल तर समोरच, पंधरा पावलांवर बैलांपुढं कडबा टाकत उभा होता. हातातली पेंढी तशीच धरून त्यानं वळून पाहिलं. आपण आहोत की नाही अशी शंका सरकारला आलेली बिचारा पहिल्यांदाच ऐकत होता.

सासूचं, म्हणजे कस्तुराबाईंचं तोंड रागानं लाल झालं. "नर्सबाई, डोळे गेले का तुमचे? भरल्या घरात असं इचारतेत का?"

"डोळ्याचं काम न्हाई, माय. रजिस्टरात खाना हाय. तिच्या तोंडानं सांगू द्या, मी लिवते."

सुनेनं मान खाली घालून "हाय" म्हटलं. चांगुणाबाईंनी तसं लिहिलं, तिचं पोट तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पिशवी उचलून निघाल्या. त्या वळणावर पोचल्या नसतील तोच कस्तुराबाईंनी सुनेवरून मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. दुपारपर्यंत तक्रार बोरीच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलावर होती.

डॉक्टर तरुण होते, परभणीहून नवेच आलेले. दोन महिन्यांतली ही चौथी तक्रार, असं त्यांनी सांगितलं. कुंकू दिसत नव्हतं का, असं विचारलं. दिसत होतं, असं चांगुणाबाई म्हणाल्या. मग?

"दिसतं त्यावरून लिवायचं न्हाई, साहेब."

डॉक्टरांनी पंधरा दिवसांची रजा घ्या म्हणून सुचवलं. निर्वासितांच्या छावणीतल्या दगदगीनं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला असावा, असं त्यांना वाटत होतं, आणि माणूस भला असल्यामुळं त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. गावाला तेवढी भीड नव्हती. बोरीच्या बायका पाणवठ्यावर चांगुणाबाईंचं नावच 'नवरा इचारती नर्स' असं घेत. पोरी एकमेकींना चिडवताना त्यांची नक्कल करत. चांगुणाबाईंच्या कानावर ते येई. त्यांना राग येत नसे. खरं सांगायचं तर छावणीतून आल्यापासून त्यांना राग, हसू, भूक यातलं काहीच धड येत नसे.

चांगुणाबाईंचं स्वतःचं कपाळ गेली अठरा वर्षं रिकामं होतं. विसाव्या वर्षी नवरा तापानं गेला, आणि दुसऱ्याच दिवशी भावकीतल्या बायांनी त्यांचे हात दगडावर आपटून बांगड्या फोडल्या. पुढं दोन वर्षांनी सगळ्या वस्तीनं दीक्षा घेतली. सासरे तात्याराव म्हणाले, पोरी, आता ते जुनं काही राहिलं नाही, बांगड्या घाल, आमची कुणाची हरकत नाही. त्यांनी घातल्या नाहीत. हट्टानं नव्हे, हातांना तशी सवय झाली होती इतकंच. मग तात्यारावांनीच त्यांना एस.टी.त बसवून औरंगाबादला नर्सच्या ट्रेनिंगला नेलं. जिंतूर तालुक्यातली ती गावं, ती घरं चांगुणाबाईंनी नंतर पायांनी पालथी घातली. कुठल्या घरात त्यांना ओसरीवर बसवतात, कुठल्या घरात अंगणातच थांबवतात, आणि बाळंतीण अडली की दोन्ही घरं कशी त्यांना थेट माजघरात ओढतात, हे त्यांना पाठ होतं.

एकाहत्तरच्या पावसाळ्यात जिल्ह्याहून पत्र आलं. पूर्व पाकिस्तानात लष्करानं माणसं कापायला सुरुवात केली होती, जीव वाचवून लोक लाखांनी सरहद्द ओलांडत होते, आणि आपल्या सरकारनं त्यांना येऊ द्यायचं ठरवलं होतं. छावण्यांसाठी आरोग्य खात्याची माणसं हवी होती. जिला मागंपुढं कोणी नाही अशी नर्स तालुक्यात एकच होती. तिचं नाव लागलं.

छावणीचं वर्णन चांगुणाबाईंनी पुढं कुणाला कधी धड सांगितलं नाही, तेव्हा आपणही थोडक्यातच सांगू. गुडघाभर चिखल, चिखलात तंबू, तंबूत माणसं, आणि माणसांत पटकी. पहिल्या आठवड्यात त्या रोज रडल्या. दुसऱ्यात त्यांना जेवण जाईना. तिसऱ्यात रडणंही थांबलं आणि जेवणही जाऊ लागलं, आणि तेव्हापासून त्या उत्तम काम करू लागल्या. सुई, सलाईन, पुढची खाट. मेलेलं लेकरू आईच्या कुशीतून काढून घ्यायचं काम बाकीच्या टाळत, ते त्यांच्याकडं येऊ लागलं.

छावणीचा अधिकारी दर सोमवारी सगळ्यांना गोळा करून धोरण समजावी. हे लोक पाहुणे आहेत. राहायला आलेले नाहीत, परत जाणार आहेत, सगळेच्या सगळे जाणार आहेत. दिल्लीनं जगाला तसं सांगितलं आहे, म्हणून प्रत्येक माणूस कागदावर आला पाहिजे. मधूनच परदेशी पाव्हणे कॅमेरे घेऊन येत. त्या दिवशी चादरी बदलल्या जात. सरहद्दीवर माणूस मावेनासा झाला तेव्हा हुकूम आला की खास गाड्यांनी लोकांना आतल्या राज्यांत हलवायचं. आधी निराधार विधवा आणि त्यांची लेकरं, कारण तिकडं पक्क्या बराकी होत्या. कुठल्या तंबूत विधवा किती, याची यादी नर्सनी करून द्यायची होती.

श्रावणातली गोष्ट. बायकांच्या तंबूत नवव्या खाटेवर एक पंचविशीची बाई दोन वर्षांच्या मुलीला पोटाशी धरून पडली होती. गळ्यातल्या चिठ्ठीवर नाव होतं बिमला मंडल. पुढचा नवऱ्याचा खाना कुणी भरलाच नव्हता. अंगात बोलायचं त्राण नाही. चार दिवसांत विचारपूस करायला कोणी आलं नव्हतं. चांगुणाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. कपाळ कोरं, गळा मोकळा, काचेची एकही बांगडी नाही, अंगावर पांढरं लुगडं. मनगटात पांढऱ्या कसल्याशा बांगड्या तेवढ्या होत्या. पांढऱ्याच, त्यांत काय पाहायचं? भांगात काही लाल होतं की काय, ते पावसानं आणि उलट्यांनी कधीच धुऊन नेलं होतं.

चांगुणाबाईंना ती बाई नीट कळली, असं वाटलं. विसाव्या वर्षीची चांगुणाच त्या खाटेवर पडली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या आत काही हललं. हिला या चिखलातून बाहेर काढायचं, पक्क्या छपराखाली न्यायचं, असं त्यांनी ठरवलं, आणि रिकाम्या खान्यात 'विडो' असा शब्द लिहिला. ट्रेनिंगमध्ये शिकलेल्या मोजक्या इंग्रजी शब्दांपैकी तो एक होता. अक्षर चांगलं आलं.

नंतर सहा दिवसांनी ट्रक आला तेव्हा बिमला उठून बसत होती. ती ट्रकमध्ये चढेना. चांगुणाबाईंचा पदर धरून ती एकच काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होती आणि पलीकडं हात करत होती. बंगाली समजणारी नर्स शेफाली त्या दिवशी तापानं निजलेली. "जा बाई, जा. चांगली जागा हाय तिकडं," असं म्हणत चांगुणाबाईंनी तिची बोटं पदरातून एकेक करून सोडवली, मुलीला उचलून तिच्या मांडीवर दिलं आणि ट्रकचं फळकूट लावलं. छावणीत रोज कुणी ना कुणी पदर धरायचंच.

तिसऱ्या दिवशी एक काडीसारखा माणूस बायकांच्या तंबूच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. हरिपद मंडल. तो शंभर पावलांवरच्या पुरुषांच्या तंबूत पटकीनं पडून होता. आजच त्याला उठायची परवानगी मिळाली होती. बायको आणि मुलगी कुठल्या खाटेवर आहेत, असं तो विचारत होता.

शेफालीनं रजिस्टर काढलं. वाचलं. मग चांगुणाबाईंना तंबूच्या मागं नेऊन मोडक्या हिंदीत विचारलं, की तिच्या मनगटात शंखाच्या बांगड्या नव्हत्या का? पांढऱ्या? अगं, त्याच आमच्याकडं सवाष्णीची खूण. तुमची काळी पोत, तशा त्या. नवरा गेला की त्या फोडतात.

शेफालीनं परत जाऊन हरिपदला सांगितलं की यादीत काहीतरी घोटाळा झाला, कचेरीतल्या बाबूची चूक, तुझी बायको दुसऱ्या छावणीत सुखरूप आहे. 'विधवा' हा शब्द तिनं उच्चारला नाही. मैत्रिणीला सांभाळून घेतलं. आणि मैत्रिणीनं सांभाळून घेऊ दिलं. नऊ नंबरच्या खाटेवर तोवर दुसरी बाई आली होती. चांगुणाबाई तिचं सलाईन बदलायला गेल्या.

हरिपद नंतर रोज सकाळी यायचा. भांडला असता, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो यायचा, चांगुणाबाईंना हात जोडायचा, दाराशी बसायचा आणि कुणी पाणी आणायला सांगितलं तर आणून द्यायचा. त्याच्या वतीनं कचेरीनं तीन अर्ज पाठवले. आतल्या राज्यातून उत्तर यायच्या आधी लढाई पेटली. आपल्या सरकारनं त्या नव्या देशाला मान्यता दिली त्या दिवशी छावणीत लोक नाचले, चांगुणाबाईंच्या तोंडातही कुणीतरी बत्तासा घातला. हरिपद येऊन शेफालीला एवढंच विचारून गेला, की आता ती गाडी उलटी येईल का?

गाडी आली नाही, ट्रक आले. जानेवारीत परत पाठवणी सुरू झाली. बायको आल्याशिवाय मी जात नाही, असं हरिपद म्हणाला. पण मागं कोणी राहायचं नाही हे धोरण होतं आणि त्याला हरिपदपुरता अपवाद करणारं कोणी तिथं नव्हतं. बायकोलाही तिकडून परस्पर गावीच पाठवतील, अशी समजूत घालून त्याला चढवलं. जाताना त्यानं कंपाउंडरकडून इंग्रजीत लिहून घेतलेला आपल्या गावाचा पत्ता चांगुणाबाईंच्या हातात दिला. दीदी, काही कळलं तर कळव. एवढं बंगाली त्यांना तोवर समजू लागलं होतं.

परत आल्यावर जिंतूरला त्यांचा सत्कार झाला. वक्ते तासभर बोलले. एक कोट माणसांना आपण घास दिला, निवारा दिला, आणि मानानं आपापल्या घरी पोचवलं, जगात असं कुणी केलं नाही, असं त्यांनी सांगितलं. ते खोटं नव्हतं. कुंकवाचं ताट घेऊन फिरणारी बाई चांगुणाबाईंपाशी आली, त्यांच्या कपाळाकडं पाहून न थांबता पुढं गेली. शाल मात्र मिळाली. दोन शब्द बोला म्हणाले तेव्हा त्या उभ्या राहिल्या, नमस्कार केला आणि खाली बसल्या. बाई किती नम्र, म्हणून टाळ्या पडल्या.

त्याच आठवड्यापासून चांगुणाबाई घरोघर तो प्रश्न विचारू लागल्या.

कस्तुराबाईंच्या तक्रारीनंतर पंधराएक दिवसांनी शेफालीचं हिंदी पत्र आलं. तिची एक मैत्रीण त्या आतल्या छावणीत नर्स होती, तिच्याकडून कळलं होतं. बिमला तिथं पोचली तेव्हा, नवरा मागं राहिलाय, आजारी आहे, असं सांगत होती. तिथल्या लोकांनी कागद पाहिला. कागदावर विधवा लिहिलेलं, सरकारी दवाखान्यातून आलेलं, वर नर्सची सही. शेवटचा पाहिला तेव्हा नवऱ्याला पटकी होती हे तिलाही ठाऊक होतं. लोकांनी तिला जवळ बसवून हळूच सांगितलं. तिनं त्याच संध्याकाळी आपल्या हातानं शंखाच्या बांगड्या फोडल्या. मार्चमध्ये तिला निराधार विधवांच्या तुकडीतून परत पाठवलं. गावी नाही, तिकडच्या सरकारनं बायकांसाठी काढलेल्या कुठल्याशा केंद्रात. केंद्राचं नाव कळलं नाही. हरिपदचा पत्ता पाठव, मी त्याला लिहिते, असं शेवटी होतं.

चांगुणाबाईंनी ते पत्र तीनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी रंगनाथ गुरुजींकडं गेल्या. गुरुजी शाळा शिकवून गावचं पोस्टही सांभाळत. मॅट्रिकला त्यांना इंग्रजीत बरे मार्क पडले होते आणि ते त्यांनी गावाला विसरू दिलं नव्हतं. त्या नव्या देशात पत्र जातं का, हेच आधी त्यांना ठाऊक नव्हतं. कालपरवापर्यंत जिथं लढाई, तिथं आज टपाल कसं जायचं, म्हणून त्यांनी जिंतूरच्या पोस्टात विचारून घेतलं. जातं म्हणाले.

मग गुरुजी कागद घेऊन बसले आणि चांगुणाबाईंनी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, मोठ्यानं, सुरुवातीपासून. सांगताना आपल्याला रडू फुटेल असं त्यांना वाटलं होतं. फुटलं नाही. दुसऱ्याच कुणाची तरी केस सांगावी तसं त्या सांगत गेल्या. गुरुजींनीच दोनदा चष्मा काढून पुसला.

"कचेरीच्या चुकीमुळं, असं लिहितो," गुरुजी म्हणाले.

"न्हाई. म्या लिवलं असं लिवा. तिला न इचारता लिवलं."

"बाई, जरा इचार करा. तुमी सरकारी माणूस. परक्या देशात अशी लेखी कबुली म्हंजे नोकरीवर यायचं. हा दोन सरकारांमधला मामला हाय."

"गुरुजी, तो जिता हाय. अन् त्याची बायको त्येला मेला समजून बसली. तो गावात बायकोची वाट बघायलाय. विधवांच्या केंद्रात जाऊन त्यो कशाला हुडकंल? त्येला त्यो शब्द कुणी सांगितलाच न्हाई. दोन सरकारांना ह्ये ठाऊक न्हाई, मला ठाऊक हाय."

गुरुजींनी लिहिलं. चांगुणाबाईंनी खाली मराठीत सही केली, पुढं हुद्दा आणि दवाखान्याचं नावही घातलं. शेफालीनं परत कचेरीतल्या बाबूवरच ढकललं असतं, म्हणून तिच्याकडून लिहवून घ्यायचं त्यांना नको होतं.

ज्येष्ठ गेला, आषाढ कोरडा गेला. त्या साली पाऊस आलाच नाही. बोरीची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. चांगुणाबाईंची फेरी आता घरांऐवजी कामावरच असे. तिथं रांगा होत्या, सुकडी होती, हगवण होती. त्यांना काहीच नवं नव्हतं. त्या सुई उकळत, नाव विचारत, नवरा विचारत. आता बायकांना त्याचा राग येईनासा झाला होता. कुणाचा पुण्याकडं गेलेला, कुणाचा गेल्या महिन्यापासून बेपत्ता. कुंकू लावलेल्या बाया खाली बघत खरं ते सांगत. दर सोमवारी त्या शाळेवरून जात आणि गुरुजी दारातूनच नकारार्थी मान हलवत.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सोमवारी गुरुजींनी मान हलवली नाही. आत बोलावलं.

पाकीट चांगुणाबाईंनी पाठवलेलंच होतं. गुरुजींच्याच अक्षरातला हरिपद मंडलचा पत्ता, तो जांभळ्या शाईनं खोडलेला. शेजारी कुणीतरी हातानं दोन ओळी लिहिलेल्या, बंगालीत, आणि त्यावर शिक्का. पाकीट फोडलेलं नव्हतं.

गुरुजींनी ते खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. "आपल्याच वळणाची अक्षरं हायेत बघा. रेघ बी वरून हाय. हा म असावा. अन् ह्यो पुढचा..."

चांगुणाबाईंनी त्या दोन ओळींवर तळहात ठेवला.

"गुरुजी, अंदाज नगा करू."

"न्हाई, पण बरंचसं लागायलंय. गाव सोडून गेला असंल, नाही तर..."

"लागू द्या. ज्येला वाचता येतं, त्यो वाचंल."

चांगुणाबाईंनी मोठं पाकीट मागून घेतलं, त्यात ते परत आलेलं पाकीट ठेवलं आणि शेफालीचा पत्ता सांगितला. सोबत एक ओळ लिहायला लावली: यावर जे लिहिलंय ते आहे तसं कळव, मला बरं वाटावं म्हणून बदलू नकोस. गुरुजींनी ओळ वाचून दाखवली. चांगुणाबाईंनी होकारार्थी मान हलवली, पाकीट स्वतः चिकटवलं आणि टपालाच्या थैलीत टाकलं.

दुपारी थैलीला लाख लागली. तोवर त्या शाळेच्या पायरीवर बसून होत्या. गुरुजींनी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं. जिंतूरची एस.टी. थैली घेऊन गेल्यावर त्या उठल्या, रजिस्टर काखेत धरलं आणि खडी फोडणाऱ्या बायांची नोंद घ्यायला कामाकडं चालू लागल्या.